जोड तुमच्या मालकीचा नाही

मोबाइलचा चार्जर असो, इलेक्ट्रिक स्कूटरचा प्लग असो की शेतातल्या स्प्रिंकलरचा पाइप असो, ‘सगळ्यांना एकच जोड हवा’ असा विषय निघाला की एक विशिष्ट प्रकारचा माणूस लगेच सरसावून बसतो. तो शिकलेला असतो, बहुधा कुठल्या तरी कंपनीत वरच्या जागेवर असतो, आणि नियम म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. त्याचं म्हणणं आता मला पाठ झालं आहे. प्रमाणीकरण ही सरकारी बाबूंची हौस आहे. जोड असाच हवा असं एकदा ठरवून टाकलं की नवं शोधायची कुणाला गरज उरत नाही. ज्याला जसं सुचेल तसं त्याने बनवावं, ग्राहक काय तो निवाडा करेल. मधल्या काळात नाही जुळलं तर अ‍ॅडॉप्टर आहेच की, शे-दोनशे रुपयांत मिळतो. शिवाय आपण जुगाडू लोक, आपलं कुठे अडतं? एवढं बोलून झालं की तो हुकमाचा पत्ता टाकतो: सगळं सगळ्याला बसायला लागलं तर उद्या हॉस्पिटलात सलाइनच्या नळीत भलतंच काही जाईल, त्याची जबाबदारी कोण घेणार?

ऐकणारे माना डोलावतात. मलाही पूर्वी हे मत निरुपद्रवी वाटायचं, चहाबरोबर खपून जाणारं. आता वाटत नाही. कारण हे मत आता चहापुरतं राहिलेलं नाही. त्यावर कारखाने चालतात, निविदा निघतात, अनुदानं वाटली जातात.

आधी बाजाराचं बघू. बाजाराला निवाडा करायला भरपूर वेळ दिला तर काय होतं, याचं एक उदाहरण इतिहासात आहे आणि ते आगीचं आहे. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सकाळी अकराच्या सुमाराला एका ठोक व्यापाऱ्याच्या इमारतीत आग लागली. वारा होता, आग पसरत गेली, शहराने बाहेरून मदत मागवली. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेवर चढवून आणले गेले. मग फिलाडेल्फियाहून आले, न्यूयॉर्कहून आले. माणसं होती, इंजिनं होती, होज होते, हायड्रंटमध्ये पाणी होतं. पण आलेल्यांपैकी अनेकांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटच्या आट्यांत बसेनात. आग तीस तासांहून अधिक चालली आणि दीड हजारांवर इमारती गेल्या. शहर एकट्या आट्यांमुळे जळलं असं मी म्हणणार नाही, वाराही होता. पण पाण्याने भरलेल्या हायड्रंटपुढे हातात होज घेऊन नुसतं उभं राहायची पाळी आणली ती वाऱ्याने नव्हे.

नंतर तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने देशभरातून होजची कपलिंग गोळा केली, तेव्हा त्यांत सहाशेहून अधिक प्रकार निघाले. सहाशे! हा ग्राहकाने केलेला निवाडा. आणि यात नवल काय आहे? कपलिंग विकत घेताना शहराला शेजारच्या शहराची आग दिसत नसते. कारखान्याला मात्र एक गोष्ट लख्ख दिसत असते. एकदा आपल्या मापाच्या आट्यांचे हायड्रंट रस्त्यात पुरले, की पुढची पन्नास वर्षं होज, नोझल आणि सुटे भाग घ्यायला हे शहर आपल्याच दारात येणार. ज्याने एकदा विकत घेतलं त्याला पुन्हा निवड करायची संधीच ठेवायची नाही आणि त्या व्यवस्थेला बाजार म्हणायचं, हा विनोद माझ्या मित्रांच्या लक्षात कसा येत नाही?

पुढे १९०५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने होजच्या जोडासाठी एक माप स्वीकारलं: अडीच इंची होजला दर इंचामागे साडेसात आटे. साडेसात हा आकडा विचित्र वाटतो. सात चालले असते, आठ चालले असते, हा अर्धा कशाला? तर बऱ्याच शहरांत तेव्हा सात किंवा आठ आट्यांची कपलिंग होती. साडेसात धरले तर त्यांतली पुष्कळशी फेकून न देता, पुन्हा आटे पाडून नव्या मापात आणता येत होती. हे टेबलामागे बसून शिक्के मारणाऱ्याला सुचणारं गणित नाही. हे ज्याने हातात पान्हा धरून जुनी आणि नवी पितळी कपलिंग एकमेकांत फिरवून पाहिली आहेत त्याचं गणित आहे. त्या संघटनेत विमा कंपन्यांची माणसं होती, आगी विझवण्याच्या तंत्राचे जाणकार होते. आग लागली की ज्यांच्या खिशातून पैसे जातात, त्यांना सहाशे प्रकारच्या ‘स्वातंत्र्या’चं फारसं कौतुक नव्हतं.

बाबूंवरून आठवलं. पेचाच्या आट्यांचं पहिलं सर्वमान्य माप १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने मांडलं. हा मॅंचेस्टरचा कारखानदार, यंत्रं बनवणारा, तेही उत्तम बनवणारा. त्याने इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची मापं घेतली आणि सगळ्यांच्या मधलं, सगळ्यांना फारसं न बोचणारं माप सुचवलं. आट्यांचा कोन ५५ अंश. पुढे अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशांचं माप मांडलं. तोही यंत्रं बनवणाराच. जोडांचा इतिहास उलगडत जावा तर जागोजागी हात काळे झालेली माणसं भेटतात आणि सरकार सहसा शेवटी, दमलेलं, उशिरा येतं. उशिरा येतं हीच खरी तक्रार करायला हवी. अमेरिकेतला तो होजचा नियम ऐच्छिक राहिला. आगीला शंभर वर्षं झाल्यावर, २००४ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ४८ मोठ्या शहरांपैकी फक्त १८ शहरांनी राष्ट्रीय मापाचे हायड्रंट बसवल्याचं सांगितलं. शंभर वर्षं! चांगलं ते टिकतं म्हणणाऱ्यांना आणखी किती मुदत हवी आहे?

आता अ‍ॅडॉप्टर. हा युक्तिवाद मला सगळ्यांत जास्त चिडवतो, कारण तो समंजसपणाचा आव आणतो. ‘एवढंसं तर आहे, मध्ये एक तुकडा लावायचा.’ १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. आजूबाजूच्या गावांचे बंब धावले. ओकलंडच्या हायड्रंटची तोंडं तीन इंची आणि पाहुण्यांचे होज अडीच इंची. अ‍ॅडॉप्टर ही वस्तू जगात होती, तिथेही होती. ज्या बंबावर हवी होती त्या बंबावर, त्या मिनिटाला, पुरेशी नव्हती. पंचवीस माणसं त्या आगीत गेली. इथेही सगळा दोष तोंडांच्या मापाचा नव्हता. पण अ‍ॅडॉप्टरच्या भरवशावर बसलेल्या माणसाचं काय होतं ते यात पुरेसं दिसतं. तो कपाटात असतो, दुसऱ्या गाडीत असतो, कुणी तरी नेलेला असतो, किंवा असतो पण त्याच्यातली रबराची रिंग झिजलेली असते. जोडाच्या मध्ये आणखी एक जोड घातला की गळतीच्या जागा एकाऐवजी दोन होतात, हे तर पाचवी नापास प्लंबरही सांगेल.

जुगाडाचं कौतुक करणारे अपोलो १३ ची गोष्ट फार रंगवून सांगतात. एप्रिल १९७०. चंद्राकडे निघालेल्या यानात स्फोट झाला, तीन अंतराळवीर चांद्रयानाच्या छोट्या कोठडीत जाऊन बसले आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठू लागला. तो शोषणारे डबे मुख्य यानात पुष्कळ होते, पण ते चौकोनी, चांद्रयानातले गोल. ह्यूस्टनच्या इंजिनिअरांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि अंतराळ पोशाखाची नळी वापरून चौकोनी डबा गोल तोंडाला जोडायची युक्ती काढली, माणसं वाचली. टाळ्या. पण टाळ्या वाजवून झाल्यावर कुणी विचारणार आहे का, की एकाच मोहिमेवर, एकाच दोरीने बांधल्यासारखी निघालेली ही दोन यानं, त्यांतला एकाच कामाचा डबा एकात चौकोनी आणि दुसऱ्यात गोल का होता? दोन वेगळ्या कंपन्यांनी ती बनवली होती आणि त्या डब्याची अदलाबदल करावी लागेल असा विचारच झाला नव्हता. त्या रात्रीची हुशारी खरी होती. ती दाखवावी लागली हे मात्र लाजिरवाणं होतं. आपण त्या लाजेचा सत्कार करत आलो आहोत.

अमेरिकनांनी स्वतः मात्र त्यातून काही वेगळंच उचललं. पाचच वर्षांनी, १७ जुलै १९७५ ला, त्यांचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ अवकाशात एकमेकांना जोडलं गेलं. त्यासाठी दोन्ही देशांच्या इंजिनिअरांनी मिळून असा जोड काढला होता की दोन्ही बाजू सारख्याच: एक नर आणि एक मादी असा भेद नाही. कुणीही पुढाकार घ्यावा, कुणीही स्वस्थ राहावं. शीतयुद्धाच्या काळात, एकमेकांच्या शहरांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या दोन महासत्तांचं एका कड्याच्या मापावर एकमत झालं. आणि आपल्याकडे दोन स्कूटर कंपन्यांना एका प्लगवर यायला सांगितलं तर तो उद्योगस्वातंत्र्यावरचा घाला!

या सारख्या बाजूंच्या जोडाची मूळ हौस मात्र अंतराळातली नाही, आगीचीच आहे. जर्मनीतल्या गिडो स्टॉर्ट्‌झने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होजसाठी असा जोड काढला. दोन सारखी तोंडं समोरासमोर धरायची, एकाच्या दातऱ्या दुसऱ्याच्या खाचेत घालायच्या आणि थोडं पिळायचं. झालं. आट्यांचा होज अंधारात, धुरात, उलट्या बाजूने पसरला गेला तर सगळा पुन्हा फिरवून घ्यावा लागतो. स्टॉर्ट्‌झच्या होजला चुकीचं टोकच नाही. ज्यांना प्रमाणित जोडात कल्पकता दिसत नाही, त्यांनी हे ॲल्युमिनियमचं कडं एकदा हातात घेऊन पाहावं. आपल्याकडे तो फारसा रुजला नाही. आपण ब्रिटिशांची ढकलून बसवायची ६३ मिलिमीटरची नर-मादी जोडी घेतली. पण घेतली ती निदान सर्वांनी सारखी. आयएस ९०३ नावाचं मानक आहे त्यासाठी. तुमच्या सोसायटीच्या जिन्यात लाल पेटीशेजारी जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्या तोंडाला पुण्याचा बंब आला काय की पिंपरी-चिंचवडचा आला काय, होज लागतो. त्या तोंडाचं डिझाइन ‘नावीन्यपूर्ण’ असावं असं तुम्हाला वाटतं का? मला वाटत नाही.

शेतात मात्र हे भाग्य नाही. स्प्रिंकलरचा सेट पाहिलाय? सहा मीटरचे काळे पाइप, एका टोकाला कपलर, आत रबराची रिंग, वर लोखंडी लॅच. पाइप कपलरमध्ये ढकलायचा, लॅच हुकात अडकवायची, पंप सुरू झाला की दाबाने रिंग फुगून जोड बंद होतो. रचना साधी आणि छान आहे. शेतकरी एका वर्षी एका कंपनीचा सेट घेतो, दोन वर्षांनी चार पाइप ट्रॅक्टरखाली येतात आणि दुकानात तोवर दुसरी कंपनी आलेली असते. दोन्हींवर ७५ एमएम लिहिलेलं असतं. पण नव्याची लॅच जुन्याच्या हुकात जाईल का? दुकानदार म्हणतो, नेऊन बघा. बांधावर जाऊन बघावं तर बाइंडिंग वायरचे पिळे आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेले जोड दिसतात, आणि प्रत्येक जोडाखाली एक डबकं. ‘थेंबाथेंबातून अधिक पीक’ म्हणत ज्या योजनेतून या संचांना अनुदान मिळतं, तिच्या पैशाने ही डबकी भरलेली आहेत. जुगाडावर व्याख्यानं देणाऱ्यांनी पहाटे चारला, वीज येईल त्या वेळात, टॉर्च दातात धरून ती तार एकदा पिळून बघावी.

नावीन्य मरतं, हा मुद्दा आता घेतो. कारण तो दिसायला सगळ्यांत भारी आहे आणि आतून सगळ्यांत पोकळ.

मोरीतल्या नळाचे आटे बघा. अर्धा इंची नळ. त्याच्या आट्यांचा कोन आजही व्हिटवर्थचा तोच ५५ अंशांचा आहे. आता त्या नळामागच्या भिंतीत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत काय काय झालं ते आठवा. आधी जस्त चढवलेला लोखंडी पाइप होता; सूत आणि सफेदा लावून जोड घट्ट करायचे. मग पांढरा पीव्हीसी आला. मग गरम पाण्यासाठी फिकट पिवळसर सीपीव्हीसी. काहींनी हिरवा पीपीआर घातला. सफेद्याची जागा टेफलॉन टेपने घेतली. या पाइपांची मापंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत: ‘अर्धा इंची’ लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण २१.३ मिलिमीटर, भारतीय मानकाचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बाहेरून खरोखरच २०, आणि सीपीव्हीसीचा जो पाइप अर्धा इंची म्हणून विकला जातो तो बाहेरून फक्त १५.९. तरीही हे सगळे पाइप घराघरांत बसले. कसे? कारण प्रत्येकाने आपल्या टोकाला पितळेचे आटे असलेला एक तुकडा दिला, प्लंबर ज्याला एफटीए किंवा एमटीए म्हणतो, आणि त्या तुकड्याचे आटे नळाच्या आट्यांना जुळणारे ठेवले. भिंतीच्या आत क्रांत्या झाल्या त्या नळाचं तोंड बदललं नाही म्हणून झाल्या. सीपीव्हीसी घ्यायचा तर घरातले सगळे नळ, शॉवर, गीझर, कमोडची टाकी बदला असं कुणी सांगितलं असतं, तर तो पाइप आजही प्रदर्शनातच पडून राहिला असता. ठरलेला जोड नव्या मालाला घरात शिरायला दार उघडून देतो. ज्याला खरोखर चांगला पाइप बनवता येतो त्याला त्या दाराचं भय वाटायचं कारण नाही.

उलट, स्वतःचा खास जोड नावीन्याला कसा गोठवतो तेही पाहून घेऊ. अ‍ॅपलने २०१२ मध्ये आयफोनला लायटनिंग नावाचं स्वतःचं तोंड दिलं. त्या वेळी ते उत्तम होतं, कुठल्याही बाजूने घाला. पुढे युरोपीय संघाने सर्वांना यूएसबी-सी सक्तीचं करायचं ठरवलं तेव्हा कंपनीने तीच आपल्या ओळखीची तक्रार केली: नावीन्य मरेल. २०२३ च्या सप्टेंबरात आयफोन १५ आला तो यूएसबी-सी घेऊनच. आणि काय झालं? आयफोनमधून केबलने माहिती न्यायचा वेग लायटनिंगच्या अकरा वर्षांत सेकंदाला ४८० मेगाबिटवर अडकून पडला होता. नव्या प्रो मॉडेलांत तो १० गिगाबिटपर्यंत गेला. वीस पटींहून जास्त. नावीन्य कुणी मारून ठेवलं होतं, ब्रसेल्सच्या बाबूंनी?

इथे माझा मित्र एक टोला नीट मारतो, तो मान्य करतो. २००९ मध्ये युरोपात मायक्रो यूएसबीवर सहमती झाली होती. तीच कायमची कायद्यात कोरली असती तर आपण आजही ती चपटी, उलटी-सुलटी तपासत घालायची पिन घालत बसलो असतो. खरं आहे. पण यूएसबी-सी कुठून आली? एखाद्या कंपनीच्या गुप्त प्रयोगशाळेतून नाही. ती २०१४ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र बसून, त्याच यूएसबीच्या सामायिक मांडवाखाली तयार केली. मानक बदलतं, बदलायलाच हवं. ते बदलायची जागा एक आणि उघडी असावी, एवढंच मागणं आहे. साडेसात आट्यांनी जुन्यांना सांभाळलं, तसं.

राहिला हुकमाचा पत्ता: हॉस्पिटल. हा मुद्दा मांडणाऱ्यांना आपण काय मांडतो आहोत याची कल्पना नसते, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंजेक्शनच्या सिरिंजचं टोक आणि सुईचं बूड ज्या निमुळत्या जोडाने बसतं, त्याला लूअर म्हणतात. सहा टक्के निमुळता. दाबून घट्ट होतो किंवा अर्धा फेरा देऊन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो चालत आला आणि इतका सोयीचा निघाला की हॉस्पिटलातल्या प्रत्येक नळीने तो घेतला. सलाइनची नळी, नाकातून पोटात अन्न घालायची नळी, पाठीच्या कण्यात औषध द्यायची सुई, रक्तदाबाच्या पट्ट्याची हवेची नळीसुद्धा. मग जे व्हायचं ते झालं. पोटात जायचं द्रव शिरेत गेलं, शिरेत द्यायचं औषध कण्यात गेलं. इंग्लंडमध्ये २००१ मध्ये अठरा वर्षांच्या एका कॅन्सरच्या रुग्णाला व्हिन्क्रिस्टिन हे शिरेतून द्यायचं औषध कण्यात टोचलं गेलं आणि तो दगावला. अशी ही एकच घटना नव्हती. सिरिंज तिथे बसत होती, हा त्या सगळ्या घटनांमधला समान धागा.

‘बघा, एकच जोड!’ असं म्हणत माझा मित्र इथे टाळी मागतो. थांबा. या रोगावर इलाज काय केला गेला? प्रत्येक कंपनीला आपापलं तोंड बनवायला मोकळं सोडलं गेलं का? नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ८०३६९ ही मालिका आणली. अन्नाच्या नळीला एक आकार, कण्याच्या सुईला दुसरा, शिरेच्या नळीला लूअर. एका कामाच्या सगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींना बसणार. वेगळ्या कामाची नळी मात्र जोर लावला तरी बसणार नाही. कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही, हे दोन्ही त्या आकारातच लिहिलेलं असणं, हेच तर जोडाचं डिझाइन. आणि हे सर्वांनी मिळून ठरवल्याशिवाय होतच नाही. भुलीच्या यंत्राला लावायचे छोटे सिलिंडर बघा. व्हॉल्व्हवर दोन बारीक भोकं असतात, यंत्राच्या जोखडावर दोन पिना. ऑक्सिजनची जागा २ आणि ५, नायट्रस ऑक्साइडची ३ आणि ५. पिना चुकल्या तर सिलिंडर बसत नाही; रात्री तीनला, झोप अनावर झालेल्या हातांनीही बसवता येत नाही. १९५२ पासून ही पद्धत आहे आणि तिने किती जीव वाचवले ते मोजायला कुणी बसलं नाही, कारण न झालेला अपघात कुणाच्या वहीत चढत नाही. कल्पना करा, दहा कंपन्यांनी दहा प्रकारे पिना लावल्या असत्या. हॉस्पिटलने काय केलं असतं? आपल्या मित्राचा लाडका उपाय: अ‍ॅडॉप्टर. कुठल्याही पिनेवर बसणारा. आणि त्या अ‍ॅडॉप्टरमधून नायट्रस ऑक्साइड निमूटपणे ऑक्सिजनच्या जागी गेला असता.

मग एवढं सगळं उघड असताना स्वतःच्या तोंडाचा हट्ट का? मला तरी एकच उत्तर दिसतं: ग्राहक सुटू नये. हमरस्त्यावर एखाद्या उपाहारगृहाबाहेर इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जिंगचा खांब उभा असतो, वीज असते, जागा रिकामी असते, आणि समोर स्कूटर घेऊन उभ्या असलेल्या पोराला कळतं की हे तोंड आपल्या गाडीचं नाही. तो मग हॉटेलवाल्याला काका म्हणत आतल्या पंख्याच्या प्लगजवळ एक वायर मागतो. वास्तविक उत्तर तयार आहे. एथर या भारतीय कंपनीने आपला जोड २०२१ मध्ये इतरांना खुला केला, हीरोच्या विदा गाड्यांनी तो घेतला, आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी तो आयएस १७०१७ च्या मालिकेत मंजूरही केला. धीमी आणि जलद, दोन्ही प्रकारची वीज एकाच तोंडातून. म्हणून सर्वांनी तो उचलला असं मात्र नाही. टेस्लाचं उदाहरण द्यायला अनेकांना आवडतं, की बघा, बाजाराने शेवटी त्यांचाच प्लग निवडला. शेवटी, म्हणजे दहा वर्षांनी, २०२२ मध्ये त्यांनी तो खुला केल्यावर. युरोपात नियमच होता, तिथे टेस्लाने मुकाट्याने सर्वांचा सीसीएस जोड लावला आणि गाड्या विकल्याच.

याच्या उलट आपल्याच स्वयंपाकघरातला गॅस बघा. इंडेन, भारत, एचपी या तीन कंपन्या. १४.२ किलोच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह एकाच मापाचा, रेग्युलेटर कुठलाही असो, टक् करून बसतो. रात्री पोळ्या लाटताना गॅस संपला तर शेजारच्या काकू आपली भरलेली टाकी सरकवून देतात. ती कुठल्या कंपनीची आहे हे त्यांनाही बघावं लागत नाही. तरी तिन्ही कंपन्या आपापल्या ठिकाणी चालू आहेत. स्पर्धा संपली नाही; ती सिलिंडर किती दिवसांत घरी येतो यावर चालते, जिथे ती चालायला हवी.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. पाइपाच्या आत काय वाटेल ते करा, बॅटरीत काय वाटेल ते भरा, त्याची पेटंटं घ्या, श्रीमंत व्हा. दोन वस्तू जिथे भेटतात ती जागा मात्र एकट्या कंपनीची नसते, ती दोघांची आणि तिसऱ्या येणाऱ्याचीही असते. सूक्ष्म सिंचनाच्या अनुदानाची फाइल मंजूर करणाऱ्याने पाइपाच्या शिक्क्याबरोबर लॅच आणि कपलर दुसऱ्या कंपनीच्या पाइपाला बसतात का, हे बांधावर लावून पाहावं. बसत नसेल तर अनुदान देऊ नये. महापालिकेने चार्जिंगच्या खांबाला जागा देताना मंजूर मानकाच्या प्लगची अट करारात घालावी. हॉस्पिटलच्या खरेदी समितीने नळ्यांच्या किमतीआधी त्यांची टोकं मागून घ्यावीत. एखादी कंपनी नाही म्हणाली तर तिला निरोप द्यावा आणि दुसरीला बोलवावं. जोड सारखा असेल तर ती दुसरी सापडतेच.